न्यूट्रल स्पाइन: काही महिने मॅट पिलाटेस केल्यानंतरचा अनुभव

काही महिने नियमित मॅट पिलाटेस (मॅटवर, श्वासाकडे लक्ष देत सावकाश करायचे व्यायाम) केल्यावर माझं मत पक्कं झालंय. यात सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो कण्याची नैसर्गिक स्थिती, म्हणजे न्यूट्रल स्पाइन, शोधायला. हंड्रेड, रोल-अप वगैरे व्यायाम सगळे नंतर.

पाठीचा कणा मुळात सरळ नसतोच. मानेच्या 7 मणक्यांचा बाक पुढे, छातीमागच्या 12 मणक्यांचा मागे आणि कमरेच्या 5 मणक्यांचा पुन्हा पुढे. त्यामुळे उताणं झोपल्यावर कमरेखाली थोडी पोकळी राहणारच. ती किती असावी, हे मात्र शरीरागणिक बदलतं. म्हणून ‘कमरेखाली तळहात सरकला पाहिजे’ ही सूचना मला कामाची वाटत नाही. हाडांच्या खुणा जास्त भरवशाच्या. गुडघे दुमडून, पावलं जमिनीवर टेकवून झोपायचं. दोन्ही तळहातांची मनगटाकडची बाजू ओटीपोटाच्या दोन्ही कडांना पुढे लागणाऱ्या हाडांवर ठेवायची आणि बोटांची टोकं खाली प्युबिक बोनवर, म्हणजे दोन्ही जांघांच्या मधल्या पुढच्या हाडावर. हा त्रिकोण जमिनीला समांतर झाला की पेल्विस (कमरेखालचा हाडांचा सांगाडा) न्यूट्रल.

तिथे पोहोचायला मला पेल्विक क्लॉकचा फार उपयोग झाला. ओटीपोटावर घड्याळ ठेवलंय, नाभीकडे 12 आणि प्युबिक बोनकडे 6 आहेत असं धरायचं. वजन 12 कडे नेलं की कंबर मॅटला चिकटते, 6 कडे नेलं की कमान होते. दोन्ही टोकांपर्यंत सावकाश जायचं, मग झोका लहान लहान करत आणायचा आणि जिथे पोट, मांड्या, कंबर यांपैकी कुणालाच जोर लावावा लागत नाही तिथे थांबायचं. घाई केली की नेहमीच्या सवयीची जागाच बरोबर वाटते.

खरी मेहनत बरगड्यांची. कमरेला तिचा बाक मिळाला की खालच्या बरगड्या हळूच वर उचलल्या जातात, आणि मग बाक कमरेतून आलाय की छाती पुढे काढल्यामुळे, हे कळत नाही. यावर उपाय श्वासाचा. श्वास बरगड्यांच्या बाजूंना आणि पाठीकडे भरायचा, सोडताना बरगड्या खाली उतरू द्यायच्या, पण पेल्विस हलू द्यायचा नाही. पोक असेल तर डोक्याखाली टॉवेलची पातळ घडी घ्यावी, नाहीतर हनुवटी वर जाते आणि मान आखडते.

आता झोपल्याझोपल्याच एक पाऊल जमिनीवरून उचला. त्याच क्षणी त्या बाजूचं हाड तळहाताखाली किंचित कलंडतं. आरशात हे दिसत नाही, हाताला मात्र लगेच कळतं. ते हाड जागचं न हलता पाऊल वर यायला लागलं, तेव्हा पोटाच्या आतला थर नेमका कुठे काम करतो ते मला समजलं. ‘नाभी आत ओढा’ या सूचनेतून ते कधीच कळलं नव्हतं. जोरात ओढलं की श्वास अडकतो आणि कंबर सपाट होते.

कंबर सपाट ठेवणं चूकच, असं मात्र नाही. ही पद्धत घडवणारे जोसेफ पिलाटेस (1883–1967) स्वतः पाठ मॅटला टेकवूनच शिकवत. न्यूट्रलवरचा भर नंतरच्या शिक्षकांनी आणला. त्यामुळे दोन ट्रेनर दोन उलट सूचना देताना दिसतील. मला पटलेला हिशेब असा: एक तरी पाय जमिनीवर असेल तर न्यूट्रल, दोन्ही पाय अधांतरी असतील आणि कमान वाढायला लागली तर इम्प्रिंट, म्हणजे कंबर हलकेच मॅटकडे. ताकद वाढली की पुन्हा न्यूट्रल.

हात-गुडघ्यांवर येऊन करायच्या व्यायामांसाठी पाठीवर लांब काठी ठेवून पाहा. ती डोक्याची मागची बाजू, खांद्यांच्या पात्यांमधली जागा आणि माकडहाडाच्या वरचं सपाट हाड अशा तीन ठिकाणी टेकली पाहिजे. एक जरी जागा सुटली तरी कुठे बिघडलंय ते लगेच सापडतं.

फरक काय पडला? खाली वाकताना आता मी खुब्यातून वाकते, आणि बराच वेळ बसून उठल्यावर कंबर पूर्वीसारखी धरत नाही. दिवसभर मात्र न्यूट्रल धरून बसायचं नसतं, कणा हलता राहायलाच हवा. स्लिप डिस्क किंवा मणका सरकल्याचं निदान असेल तर आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला विचारा, कारण काहींना कमान त्रास देते तर काहींना पुढे वाकणं. कुशीवर झोपून करायचे प्रकार मला अजून अवघड जातात. खालची कंबर मॅटकडे ढासळते, म्हणून सध्या तिथे छोटी घडी ठेवून सराव चालू आहे.