लहान दुर्बीण, एक ग्रह: मंगळ की शुक्र?

चार-सहा इंचांची दुर्बीण आहे, गुरूचे चंद्र आणि शनीची कडी घरच्यांना दाखवून झाली आहेत, आणि आता एकाच शेजाऱ्याच्या नीट मागे लागायचंय, अशांसाठी हे लिहितोय. मी दोघांनाही पाहतो, पण नोंदवही एकाचीच ठेवतो.

मंगळाची बाजू भक्कम आहे. शुक्राची जमीन गंधकाम्लाच्या ढगांखाली कायमची झाकलेली, मंगळाची दिसते. हवा स्थिर असेल त्या रात्री सिर्टिस मेजर या गडद प्रदेशाचा काळसर त्रिकोण आणि ध्रुवावरची पांढरी टोपी सहा इंचांतही ओळखू येते. तिथला दिवस आपल्यापेक्षा जेमतेम चाळीस मिनिटांनी मोठा, त्यामुळे रोज ठरावीक वेळी पाहिलं तर समोरची बाजू सावकाश बदलत जाते. मोहिमांचं तर विचारूच नका. नासाचे रोव्हर, म्हणजे चाकांवर फिरणारी यानं, बघा: क्युरिऑसिटी २०१२ पासून गेल विवरात, पर्सिव्हिअरन्स २०२१ पासून जेझेरोत. त्यांचे कच्चे फोटो घरबसल्या चाळता येतात. आपलं मंगळयान तर सहा महिन्यांच्या कामगिरीवर गेलं होतं, ते २०२२ पर्यंत संपर्कात राहिलं.

मग घोडं कुठे अडतं? पावसात.

मंगळाची प्रतियुती, म्हणजे पृथ्वी सूर्य आणि मंगळ यांच्या मधोमध येणं, साधारण सव्वीस महिन्यांनी येते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण सगळ्या प्रतियुती सारख्या नसतात. मंगळाची कक्षा बरीच लंबवर्तुळाकार आहे, आणि तिचा सूर्याला सर्वांत जवळचा बिंदू ज्या दिशेला आहे, तिथे पृथ्वी ऑगस्टच्या अखेरीस पोचते. म्हणजे मंगळ खरोखर मोठा दिसायच्या प्रतियुती नेमक्या जुलै ते सप्टेंबरात. २००३ ची २८ ऑगस्टला, २०१८ ची २७ जुलैला, पुढची २०३५ च्या सप्टेंबरात. महाराष्ट्रात राहणाऱ्यानं हे वेळापत्रक बघून काय करायचं? २०१८ मध्ये मंगळ ५.७६ कोटी किलोमीटरवर, आणि आमच्याकडे ढगांचं छत. क्वचित उघडीप मिळाली तेव्हा दिसली ती नुसती केशरी चकती, कारण तिकडेही ग्रहभर धुळीचं वादळ उठलं होतं. त्याच वादळात ऑपॉर्च्युनिटी रोव्हर कायमचा गप्प झाला, तेव्हा माझी तक्रार तशी किरकोळच. आकाश स्वच्छ असतं त्या दिवसांतली, म्हणजे फेब्रुवारी २०२७ ची प्रतियुती घ्या: मंगळ दहा कोटी किलोमीटरवर, चकती चौदा आर्कसेकंदांची (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग). वाईट नाही, पण २०१८ ला ती चोवीस होती.

शुक्र मात्र ही चोवीस आर्कसेकंदांची चकती प्रत्येक महत्तम इनापगमाला, म्हणजे आकाशात सूर्यापासून सर्वांत दूर दिसतो तेव्हा, देतो, तीही अर्ध्या चंद्रासारखी. पुढे अंतर्युतीकडे, म्हणजे पृथ्वी आणि सूर्याच्या मधोमध, जाताना कोर बारीक होते आणि आकार साठपर्यंत वाढतो. आठवड्यागणिक फरक दिसतो. तोही पावसाळ्यात सापडतो, नाही असं नाही. ऑगस्ट २०२६ चा इनापगम तसाच जाण्याची भीती आहे. पण पाचच महिन्यांत तो पहाटे, जानेवारीच्या स्वच्छ आकाशात पुन्हा तितकाच मोठा असतो. सतरा वर्षं थांबायला लावत नाही.

शुक्राचा त्रास म्हणजे लखलखाट. काळोखात तो आयपीसमध्ये नुसता चमकतो, म्हणून मी संधिप्रकाशातच पाहतो. दिवसाही दिसतो, पण सूर्य इमारतीआड असल्याशिवाय दुर्बीण तिकडे वळवू नका. आणि चकतीवर ठिपके शोधायच्या फंदात पडू नका. ढगांचे पट्टे अतिनील प्रकाशात उठून दिसतात, आपल्या डोळ्यांना जवळपास काहीच नाही.

मोहिमांतही शुक्र गरीब आहे. व्हेनेरा १३ हे सोव्हिएत यान १९८२ मध्ये उतरलं आणि साडेचारशे अंशांच्या भट्टीत दोन तास टिकलं, तोच तिथला विक्रम. शुक्राभोवती फिरणाऱ्या जपानच्या आकात्सुकी यानाचा संपर्क २०२४ मध्ये तुटला. पण मला ही कमतरता आवडू लागली आहे. नासाच्या मॅगेलन यानानं १९९१ मध्ये रडारनं टिपलेल्या जुन्या प्रतिमा कुणीतरी पुन्हा ताडून पाहिल्या, तेव्हा मात मॉन्स या शुक्रावरच्या पर्वतावरचं एक ज्वालामुखी मुख आठ महिन्यांत बदललेलं आढळलं. ही बातमी २०२३ ची! इस्रोच्या शुक्रयानाला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आहे, प्रक्षेपण २०२८ ला ठरलंय. मंगळाच्या गर्दीत नव्या माणसानं कुठून सुरुवात करावी कळत नाही. इथे सगळं वाचून संपवता येतं.

तुमचा ओढा फोटो आणि रोव्हरकडे असेल, तर मंगळच घ्या. गच्चीवर दुर्बीण लावून वर्षातून बऱ्याचदा काहीतरी हाती लागावं असं वाटत असेल, तर माझं मत शुक्राला. घाई नसेल तर २०२७ च्या जानेवारीत पहाटे शुक्र आणि फेब्रुवारीत मध्यरात्री मंगळ, असे दोन्ही एकाच आयपीसमधून बघून ठरवा.