घराच्या विम्याला माझी शुगर कशाला?

घरावर कर्ज आहे आणि "विमा बँकेनंच काढून दिलाय" म्हणून जे निर्धास्त आहेत, त्यांनी तो कागद एकदा कपाटातून काढावा. त्यावर तुमची जन्मतारीख आहे, तब्येतीचे प्रश्न आहेत, नॉमिनी आहे, पण घराचं क्षेत्रफळ, बांधकाम, घर नंबर यातलं काहीच नाही, असं असेल तर तो विमा घराचा नाही. तुमचा आहे. तुम्ही मेलात तर बँकेचं कर्ज फिटेल. छप्पर उडालं तर एक नळा, म्हणजे कौलसुद्धा मिळणार नाही.

आम्ही पेडणे तालुक्यात कोरगावला राहतो. २०१८ मध्ये मागची पडवी पाडून दोन खोल्या आणि स्लॅब घालायचं ठरलं, म्हणून माझ्या पगारावर म्हापशाच्या एका बँकेतून २० लाखांचं कर्ज काढलं, १५ वर्षांच्या मुदतीचं. बँकेचं आणि विमा कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण हा प्रकार एकाच ठिकाणी चालतो असं नाही. कर्जाच्या टेबलावरचा मुलगा गोड बोलणारा, प्रत्येक वाक्यात 'ताई'. आदल्या डिसेंबरात ओखी वादळाच्या वेळी मोरजी-केरीच्या किनाऱ्यावर शॅकांत पाणी घुसलं होतं, ते सगळ्यांच्या डोक्यात ताजं होतं. त्यानं तेच धरलं. "ताई, समुद्र जवळ, आता दर वर्षी वादळं येणार. घराचा विमा कंपल्सरी आहे. एकदाच भरायचा, पंधरा वर्षं बघायला नको. आणि खिशातून काही द्यायचं नाही, लोनमध्येच घालतो." आकडा होता ७२,००० रुपये.

फॉर्ममध्ये डायबेटीस आहे का, बीपी आहे का, गेल्या काही वर्षांत ऑपरेशन झालंय का, असे प्रश्न होते. मी विचारलं, "घराच्या विम्याला माझी शुगर कशाला?" तो हसला. "फॉरमॅटच तसा असतो ताई, कंपनीचा." पॉलिसीचा कागद ईमेलवर येणार होता. तो कुठल्या ईमेलवर गेला ते मला पुढे कळलं. फॉर्मवर माझ्या नावापुढे त्यानं स्वतःचा ईमेल पत्ता घातला होता. आयुर्विमा नको असेल तर कागद हाती आल्यापासून ठरावीक दिवसांत परत करून पैसे मागता येतात. कागद माझ्या हाती पोचूच नये, याची सोय आधीच करून ठेवलेली.

१६ मे २०२१, रविवार. तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्यावरून वर सरकत होतं, कोविडचा कर्फ्यू चालू होता. शेजारचा माड आमच्या जुन्या घराच्या स्वयंपाकघरावर आडवा झाला. वासे मोडले, रिपा तुटल्या, नळ्यांचा चुरा, खाली फ्रीज आणि मिक्सर. माणसं बचावली. वीजखात्याची माणसं आमच्या वाड्यावर (वस्तीवर) पोचेपर्यंत बरेच दिवस गेले, आणि तोवर पावसाची दुसरी सर छपराशिवाय झेलून झाली होती.

कर्जाच्या खात्यात लिहिलेल्या नंबरावर फोन लावला. पलीकडच्या मुलीनं पॉलिसी नंबर घेतला, थोडं थांबली आणि म्हणाली, "मॅडम, इन्शुअर्ड व्यक्ती हयात आहे ना?" मी म्हटलं, मीच बोलतेय. "मग क्लेम होत नाही, मॅडम."

तिचा दोष नव्हता. तिच्या पडद्यावर जे होतं ते बरोबरच होतं. तो कर्जाला जोडलेला आयुर्विमा होता, आणि त्याची रक्कमही कर्जाबरोबर दर वर्षी कमी कमी होत जाणारी. असा विमा वाईट असतो असं मी म्हणत नाही. घरात कमावणारं एकच माणूस असेल तर तो घ्यावासाही वाटेल. पण मला विकताना त्याला 'घराचा विमा' म्हटलं गेलं आणि वर 'कंपल्सरी' म्हटलं गेलं. घर तारण ठेवताना त्याचा विमा हवा, अशी अट बँक घालू शकते. अमुकच कंपनीचा आणि आमच्याकडूनच घ्या, ही सक्ती तिला करता येत नाही. आयुर्विमा गळ्यात मारणं तर दूरच.

आता त्या 'खिशातून काही द्यायचं नाही'चा हिशोब. ७२,००० कर्जात मिसळले की त्यावर व्याज चढतं. ९ टक्क्यांनी १५ वर्षं धरली तर हप्त्यात महिना सुमारे ७३० रुपये वाढतात आणि शेवटी भरून होतात १,३१,००० च्या आसपास. हे त्यानं सांगितलं नाही, आणि ते सँक्शन लेटरवरही वेगळं दिसत नाही.

खऱ्या घराच्या विम्याला किती पडतात, हे मी त्यानंतर म्हापशालाच एका सरकारी कंपनीच्या ऑफिसात जाऊन विचारलं. १ एप्रिल २०२१ पासून, म्हणजे तौक्तेच्या जेमतेम दीड महिना आधीपासून, 'भारत गृह रक्षा' नावाची एकाच साच्याची पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ठेवणं बंधनकारक झालं. इर्डानं, म्हणजे विमा नियामकानं तसा नियम केला. तिच्यात आग, वीज पडणं, भूकंप, दरड, पूर आणि चक्रीवादळ हे मुळातच असतं. वादळासाठी वेगळे पैसे नाहीत. घराची रक्कम कशी ठरते, तर क्षेत्रफळ गुणिले तेवढंच घर आज पुन्हा बांधायला येणारा खर्च. जमिनीची किंमत त्यात येत नाही, कारण जमीन वादळात उडत नाही. आमचं घर साधारण १०० चौरस मीटर. चौरस मीटरला २५,००० धरले तर २५ लाख. घरातल्या सामानाला त्याच्या २० टक्के, म्हणजे ५ लाख, यादी न देता आपोआप मिळतात (ही सवलत १० लाखांपर्यंतच). क्लार्कनं कॅल्क्युलेटरवर आकडा काढून दाखवला. १८ टक्के जीएसटी धरूनही तो वर्षाला हजार-दीड हजारांच्या घरात होता. मी दोनदा विचारलं, महिन्याला का? नाही, वर्षाला.

एवढी स्वस्त वस्तू विकून कमिशन मिळतं ते चहापाण्याइतकं. त्यामुळे ती कोणी आपणहून विकायला येत नाही, आणि ज्याच्यात कमिशन आहे ते तिच्या नावावर खपवलं जातं.

ज्यांच्याकडे २०२१ च्या आधीची लांब मुदतीची घराची पॉलिसी आहे, त्यांना एक सांगते. त्या वेळच्या आगीच्या पॉलिसीत वादळ-पुराचा भाग काढून टाकून प्रीमियम कमी करून घेता येत असे. तुमच्या एजंटनं 'डिस्काउंट मिळवून दिला' असेल, तर तो कशातून मिळवला ते बघा. कागदावर 'एसटीएफआय' (STFI, म्हणजे हाच वादळ-पुराचा भाग) ही अक्षरं शोधा आणि पुढे 'वगळले' अशा अर्थाचं काही आहे का ते वाचून घ्या. समुद्रकाठी राहणाऱ्याला वादळ वगळून विमा विकणं म्हणजे होडी विकताना तळाची फळी काढून घेण्यासारखं.

वादळानंतर फसवणाऱ्यांची दुसरी जात उगवली. मांद्र्याला माझ्या भावोजींकडे स्कूटरवरून एक गृहस्थ आले. "तौक्तेनंतर किनाऱ्याला सायक्लोन झोनचा रेट लागतो, ॲड-ऑन घ्यावा लागेल." त्यांनी घराची रक्कम घातली ९० लाख, का तर मांद्र्यात आज तेवढ्याला जाईल म्हणून. जातही असेल, पण तो भाव जागेचा. घर पडलं तर कंपनी बांधकामाचा खर्च देते, मांद्र्याचा भाव देत नाही. म्हणजे प्रीमियम ९० लाखांचा आणि भरपाई घराच्या बांधकामापुरती. वर ॲड-ऑनचे ४,००० रोख घेतले आणि वहीतलं एक पान फाडून पावती दिली. कंपनीकडे चौकशी केली तेव्हा पॉलिसी निघालेली होती, पण 'सायक्लोन ॲड-ऑन' नावाचा एक रुपया तिच्यात जमा नव्हता. शिवाय भावोजी सीझनला वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात, हे फॉर्ममध्ये लिहिलंच नव्हतं. ही पॉलिसी राहत्या घरासाठी आहे. खोल्या भाड्यानं देण्याचा धंदा लपवला, की क्लेमच्या वेळी कंपनीच्या हातात आयतं कारण. आपल्याकडे अर्ध्या किनाऱ्याला हे लागू आहे, म्हणून मुद्दाम लिहिते.

तक्रारीचं काय झालं? बँकेला आधी लेखी पत्र दिलं, पोच घेतली. उत्तर आलं : फॉर्मवर तुमची सही आहे. सही माझीच होती, पण ईमेल माझा नव्हता, आणि तेवढंच पकडून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार टाकली. ही बहुतेक बँकांसाठी एकच योजना नोव्हेंबर २०२१ पासून आहे. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, की तिथे जाता येतं. विमा कंपनीविरुद्ध विमा लोकपाल वेगळा. इर्डाचा 'बीमा भरोसा' हा पोर्टलही आहे, फोन १५५२५५. कुठेच फी नाही, वकील लागत नाही. तक्रार गेल्यावर बँकेचा सूर एकदम बदलला. पॉलिसी रद्द करून उरलेल्या वर्षांच्या हिशोबाचे पैसे कर्जात वळते केले. गेलेल्या वर्षांचे आणि त्यावरच्या व्याजाचे नाहीत. तो मुलगा तोवर दुसऱ्या बँकेत गेला होता, बहुतेक तिथेही ताई-ताईच करत असेल.

स्वयंपाकघराचं छप्पर आम्ही सोसायटीचं कर्ज काढून घातलं.

आता नवीन पॉलिसी आहे, ईमेल आणि मोबाईल माझाच आहे हे मी काउंटरवर उभं राहून वाचून घेतलं. पावती कंपनीची, पैसे चेकनं, चेक कंपनीच्या नावे. ज्यांचं खरंच नुकसान होईल त्यांनी ताडपत्री घालायच्या आधी फोटो काढावेत, कंपनीला लगेच कळवावं, आणि सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत मोडके वासे, फुटके नळे टाकू नयेत. सर्व्हेअर कंपनी पाठवते आणि त्याची फी कंपनीच देते. आमच्या वाड्यावर तौक्तेनंतर एकानं स्वतःला सर्व्हेअर म्हणवून दोन हजार मागितले होते. लायसन्स दाखवा म्हटल्यावर तो गाडीतून पेपर आणतो म्हणून गेला तो परत आला नाही.