पहिली लांब राईड कोणती घ्यावी? सीझनभर ब्रेव्हे आणि स्पोर्टिव्ह वापरून पाहिल्यानंतर

मेडल आणि जर्सी बघून नाव नोंदवू नका. कटऑफ (राईड संपवायची कमाल वेळ) किती आणि शेवटून येणाऱ्यांचं काय होतं, एवढं आधी विचारा. सामान्य सायकलस्वाराला राईड मानवते की नाही, ते तिथेच कळतं.

बीआरएमचे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या ब्रेव्हे राईडचे, नियम उघड असतात: 200 किमीला 13 तास 30 मिनिटं, 300 ला 20 तास, 400 ला 27, 600 ला 40. क्रमांक काढत नाहीत, त्यामुळे शर्यतीचा ताण नाही. थांबे धरून ताशी 15 म्हणजे सोपंच, असं वाटतं. पण वारा समोरून आला आणि चालता वेग 17 वर उतरला, तर 200 किमीला पावणेबारा तास सॅडलवरच जातात. चार कंट्रोलवर (वाटेतल्या तपासणीच्या थांब्यांवर) 25-25 मिनिटं आणि एका पंक्चरला 20 धरा, की राईड पाव तासाने हुकलीच. वेळ पाय नाही, थांबे खातात. कंट्रोलवर आधी कार्डावर शिक्का, मग पाणी, मग खाणं. बसायचं सगळ्यात शेवटी.

ब्रेव्हेत तुमचं तुम्हीच निस्तरायचं असतं. घरची गाडी मागे ठेवता येत नाही, मदत घ्यायची ती कंट्रोलवरच. हे झेपणार नसेल तर स्पोर्टिव्ह, म्हणजे आयोजकांनी सोयी पुरवलेली राईड, बरी: बाणांच्या खुणा, पाण्याचे थांबे, मेकॅनिक, मागे राहिलेल्यांना उचलणारी स्वीप गाडी. तिची खोट एकच, व्यवस्था पुढच्यांच्या वेगाने आखलेली असते. मागचे पोचेपर्यंत शेवटच्या थांब्यावरचं खाणं संपलेलं असू शकतं. स्वीप किती वेगाने येते, शेवटचा थांबा कधी बंद होतो, हे आयोजकांना विचारा. गोलमोल उत्तर आलं तर ती राईड सोडा.

चढाचा आकडाही बघा. 100 किमीला 1000 मीटरपेक्षा जास्त चढ पहिल्या खेपेला नकोच.

सोबत दोन ट्यूब, पॅच, दोन टायर लिव्हर, पंप आणि आपल्या चेनला बसणारी क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) हवी. 10 स्पीडच्या चेनला 11 ची चालत नाही. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. टायरमध्ये रुतलेली बारीक तार तशीच राहिली की नवी ट्यूबही पाच मिनिटांत पंक्चर होते. तासाला 40 ते 60 ग्रॅम कार्ब्स पहिल्या तासापासून. भूक लागेपर्यंत थांबलात की पुढे भरून निघत नाही.

200 जमली की 300 खुणावते. तिच्यात बहुधा अंधार गाठतोच, म्हणून लाईटची परीक्षा घरीच घ्या. खोक्यावरचे तास बहुतेक वेळा मंद किंवा लुकलुकत्या मोडचे असतात. रस्ता दिसेल त्या मोडवर बॅटरी संपेपर्यंत जाळून बघा आणि तोच आकडा धरा.