ओबीडी स्कॅनर सहा महिने वापरल्यानंतर: केबल आखूड, पण सेन्सरचा खर्च वाचला

माझ्या बीएस-सहा पिकअपसाठी दिवाळीत ४,२०० रुपयांना घेतलेला, गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारा हा स्कॅनर वाया गेला, असेच मार्चपर्यंत मला वाटत होते आणि त्याला कारण त्याची केबल. ती जेमतेम हातभर आहे. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावली की पडदा सीटवर बसूनच पाहावा लागतो, आणि एक्झॉस्टच्या वायरिंगमधला दोष तर गाडीखाली निजल्याशिवाय सापडत नाही.

मार्चमध्ये काटोलहून मृग बहाराची संत्री घेऊन नागपूरच्या कळमना बाजारात येताना इंजिनचा दिवा लागला आणि गाडीचा दम गेला. सर्व्हिस सेंटरने वायरला हातही न लावता डीपीएफचा, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, प्रेशर सेन्सर बदलण्याचे एस्टिमेट दिले, याचा मला अजून राग आहे. स्कॅनरवर पी २४५४ आला. सेन्सर गेला असे हा कोड म्हणत नाही. त्याच्या सर्किटमधून येणारे व्होल्टेज फार कमी आहे, एवढेच तो सांगतो, आणि ५ व्होल्टचा पुरवठा तुटला किंवा सिग्नलची वायर बॉडीला टेकली तरी तोच येऊ शकतो.

सेन्सरचा कनेक्टर काढून मल्टिमीटर लावला तर पुरवठा पूर्ण ५ व्होल्ट दिसला, म्हणून मीही सेन्सरलाच दोष देऊन बसलो. पण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे गंजलेली वायरही त्याला चांगली दिसते. कनेक्टर जोडून, मागून पिन टोचून मोजले तेव्हा ३ व्होल्टच भरले.

मग मुलाला स्कॅनर घेऊन सीटवर बसवले. इंजिन बंद असताना फिल्टरच्या दोन्ही बाजूंना दाब सारखाच असतो, म्हणून चावी फिरवल्यावर स्कॅनरवर दिसणारा दाबातला फरक शून्याजवळ स्थिर राहायला हवा. मी वायर इंचाइंचाने हलवत गेलो, मुलगा आकडा ओरडून सांगत गेला, आणि ब्रॅकेटपाशी बोट पोहोचताच आकडा उड्या मारू लागला. तिथे आवरण घासले गेले होते आणि आत तांब्याची हिरवी भुकटी झाली होती. तेवढा तुकडा कापून नवी वायर सोल्डर केली, वर स्लीव्ह चढवली आणि कोड पुसला. बुटीबोरीपर्यंत एकसारख्या वेगाने गेलो तेव्हा अडलेले रीजनरेशन, म्हणजे फिल्टरमधली काजळी जाळण्याचे कामही पूर्ण झाले.

स्कॅनरबद्दलचे माझे मत आता बदलले आहे, केबलबद्दलचे नाही. ३५० रुपयांची एक्स्टेन्शन केबल वेगळी घ्यावीच लागते. घेताना ६ आणि १४ या कॅनच्या, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरशी डेटाची देवाणघेवाण करणाऱ्या, पिना टोकापर्यंत जोडलेल्या आहेत का, ते मीटरने दुकानातच तपासून घ्यावे.