पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचा पट्टा : सहा आठवड्यांच्या वापरानंतर

मार्चमध्ये माझी गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली. फायब्रॉइडच्या गाठी मोठ्या असल्यामुळे ती दुर्बिणीतून न करता पोट उघडून करावी लागली आणि बेंबीच्या खाली उभा छेद घेतला गेला. घरी सोडताना औषधांच्या यादीच्या तळाशी ‘पोटाचा पट्टा’ एवढेच लिहिलेले होते. तो कोणत्या मापाचा घ्यावा, किती रुंद असावा आणि दिवसातून किती वेळ बांधावा, यांबद्दल एक अक्षरही नव्हते. म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

औषधांच्या दुकानांत हा पट्टा ‘ॲब्डॉमिनल बेल्ट’ या नावाने मिळतो. रुंद इलॅस्टिक, पुढे वेल्क्रो आणि पाठीकडे आधारासाठी शिवलेल्या प्लॅस्टिकच्या दोन-तीन उभ्या पट्ट्या, अशी त्याची साधी रचना असते. आमचा पहिला पट्टा चुकला. यजमानांनी माझ्या कुर्त्याचे माप सांगितले आणि दुकानदाराने त्यावरूनच एक्सएल काढून दिला. घरी बांधून पाहिला तेव्हा वेल्क्रो शेवटच्या टोकापर्यंत ओढूनही तो सैलच राहिला, आणि एकदा उघडलेली वस्तू परत घेणार नाही, असे दुकानदाराने सांगितले. या पट्ट्याचा आणि कपड्यांच्या मापाचा काहीही संबंध नाही. बेंबीच्या रेषेत पोटाचा घेर शिंप्याच्या टेपने मोजावा आणि खोक्यावरच्या तक्त्यातील सेंटीमीटरशी ताडून पाहावा. हे मोजमाप शस्त्रक्रियेनंतरच घ्यावे, कारण सुरुवातीच्या दिवसांत पोटाला सूज असते आणि आधीचा घेर कामाला येत नाही.

रुंदीची चूक तर मापाच्या चुकीपेक्षाही जास्त त्रास देते. माझी उंची पाच फूट आहे. दहा इंच रुंदीचा पहिला पट्टा उभे असताना ठीक वाटे, पण खुर्चीत बसले की त्याची वरची कड थेट बरगड्यांखाली रुते आणि खालची कड जांघेपाशी दुमडून नेमकी टाक्यांच्या शेवटच्या टोकावर घासे. दुसरा, आठ इंचांचा पट्टा घेतल्यावर हा त्रास थांबला. जखम पूर्ण झाकली जावी आणि कोणतीही कड टाक्यांवर येऊ नये, एवढी एक गोष्ट दुकानातच पाहून घ्यावी.

खरा उपयोग कळला तो फोडणीच्या ठसक्याने. घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी पडली आणि बाहेरच्या खोलीत मला ठसका लागला. पट्टा नुकताच सोडून ठेवला होता. ती कळ अशी होती की टाके उसवले असेच वाटले आणि डोळ्यांतून पाणी आले. पुढे पट्टा बांधलेला असताना खोकला आला तेव्हा दुखले, पण सोसवले. खोकताना दोन्ही हातांनी उशी पोटाशी दाबून धरायला रुग्णालयात शिकवतात, तेच काम पट्टा करतो. खोकला येतो म्हणून कफ गिळत राहणे आणि दुखते म्हणून न चालणे, या दोन्ही गोष्टी बरे होण्याच्या आड येतात. पट्ट्यामुळे मी चौथ्या दिवसापासून घरातल्या घरात फेऱ्या मारू लागले, यासाठी तरी त्याचे साडेपाचशे रुपये वसूल झाले, असे मी मनापासून म्हणेन.

बांधण्याची पद्धत मात्र नीट शिकावी. उताणे झोपून गुडघे दुमडावेत, पट्टा कमरेखाली सपाट पसरावा आणि पातळ सुती कापडावरून आधी खालचा भाग, मग वरचा भाग लावावा. आत दोन बोटे सहज गेली पाहिजेत आणि श्वास पूर्ण घेता आला पाहिजे. बाळंतपणानंतर आजी जुन्या लुगड्याच्या मऊ पट्टीने पोट बांधत असे, तेव्हा तीही खालून वर बांधत येई. पट्टा असला तरी अंथरुणातून सरळ उठू नये. कुशीवर वळून, पाय खाली सोडून, कोपराच्या आधारानेच उठावे.

एप्रिलच्या उन्हाळ्यात मात्र या पट्ट्याने जीव नकोसा केला. आतली बाजू सुती असल्याचे खोक्यावर म्हटले होते, तरी तासाभरात घामाने ओली होई आणि जखमेभोवतीची कातडी लाल दिसू लागे. डॉक्टरांना विचारून मी तो फक्त चालताना आणि प्रवासात बांधू लागले. जेवताना आणि झोपताना काढून ठेवू लागले. धुण्यापूर्वी वेल्क्रो लावून घ्यावा, नाहीतर त्यात दोरे अडकून त्याची पकड जाते. थंड पाण्यात हाताने धुवावा आणि न पिळता सावलीत वाळवावा. एवढे जपूनही पाचव्या आठवड्यात पाठीची एक प्लॅस्टिक पट्टी शिवण उसवून बाहेर आली, ही शिलाई फारच कच्ची म्हणावी लागेल.

खोक्यावर ‘पोट सपाट होते’ असे छापलेले असते, त्याला भुलू नये. पट्ट्यामुळे पुढे हर्निया होत नाही, असेही दुकानदाराने ठामपणे सांगितले होते. माझ्या डॉक्टरांनी मात्र तशी कोणतीही हमी नसल्याचे स्पष्ट केले आणि सहा आठवडे पाण्याची भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही, हे पुन्हा बजावले. जखमेतून पाणी किंवा पू येत असेल, ताप असेल, तर त्यावर पट्टा आवळून बसू नये, लगेच दाखवावे. दम्याचा त्रास असलेल्यांनी विचारल्याशिवाय पट्टा बांधू नये, आणि पोटावर स्टोमाची (मल किंवा मूत्र बाहेर येण्यासाठी शस्त्रक्रियेने केलेल्या छिद्राची) पिशवी असलेल्यांसाठी छिद्राचा वेगळा पट्टा मिळतो, तोच मागावा.