टोरो ग्रीन्समास्टर १००० : मशीन झकास, पण शेडमध्ये धार लावायचं ग्राइंडर नसेल तर घेऊ नका

गोल्फ कोर्सचे रिव्ह्यू वाचले की ग्रीन (भोकाभोवतीचं अगदी बारीक कापलेलं गवत) किती फास्ट, बंकर (वाळूचे खड्डे) कसे, क्लबहाऊसचं कटलेट कसं एवढंच असतं. मी शेडमधला माणूस, त्यामुळे हा रिव्ह्यू मशीनचा, आणि तोही चालवणाऱ्याच्या नाही तर ते रोज उघडून बसणाऱ्याच्या बाजूने.

हे मागे चालत चालवायचं पेट्रोल मॉवर आहे, कटिंगची रुंदी २१ इंच म्हणजे ५३ सेंटीमीटर. साधारण ५०० चौरस मीटरचं ग्रीन धरलं तर माणूस एका ग्रीनवर किलोमीटरभर चालतो, मग ट्रिप्लेक्सवर (तीन रीलच्या, बसून चालवायच्या मॉवरवर) बसून का नाही करत असं कमिटीतले साहेब दरवेळी विचारतात. एकतर हे हलकं, वळताना गवत रगडत नाही, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे यात हायड्रॉलिकची, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेची, भानगडच नाही. ट्रिप्लेक्सचा होज फुटला की गरम तेलाची रेघ ग्रीनवर पडते, एक-दोन दिवसात ती तपकिरी होते आणि मग आठवडेच्या आठवडे येणारा-जाणारा प्रत्येक मेंबर शेडकडे बघून मान हलवतो. इथे तेवढा एक घोर कमी. पेट्रोल मात्र ग्रीनवर भरू द्यायचं नाही म्हणजे नाही, कितीही घाई असो.

आता खरा विषय, रील. १८३० साली इंग्लंडात एडविन बडिंगने कापड गिरणीतल्या मशीनवरून कल्पना घेऊन पहिल्या मॉवरचं पेटंट घेतलं, आजही तत्त्व तेच, फिरणारं रील म्हणजे पात्यांचा रूळ आणि खाली बेडनाईफ म्हणजे स्थिर पातं, दोघांत गवत कात्रीसारखं कापलं जातं. ११ पात्यांचं रील घेतलं तर ३ मिलीमीटरवर जो कट येतो तो बघत राहावा असा. ८ पात्यांचंही मिळतं, पावसाळ्यात बर्म्युडा गवत माजतं आणि उंची वाढवावी लागते तेव्हा ते बरं, गवत मोकळं बाहेर फेकतं.

पण हा कट फुकट येत नाही. टॉपड्रेसिंगची, म्हणजे ग्रीन सपाट करायला वरून पसरतात ती, वाळू पडली की पुढच्या कटिंगला धारेचा सत्यानाश ठरलेला. म्हणून मशीन परत आलं की धुवायचं, पण बेअरिंगवर प्रेशरचा फवारा मारायचा नाही (आमच्या पोरांना हे दर पावसाळ्यात नव्याने सांगावं लागतं), मग ग्रीस मारायचं म्हणजे आत शिरलेलं पाणी बाहेर येतं, मग पेपर टेस्ट. पेपरची पट्टी रील आणि बेडनाईफच्या मधे धरून रील हाताने फिरवायचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत कचकन कापली गेली पाहिजे. एका बाजूला कापते आणि दुसऱ्या बाजूला नुसती दुमडते म्हणजे ॲडजस्टमेंट हललीय नाहीतर रील निमुळतं झालंय. आधी ॲडजस्टमेंट बघा, उगाच स्क्रू आवळत सुटू नका, घासून पातं गरम होतं आणि धार अजूनच जाते.

थोडी धार गेली असेल तर लॅपिंग पेस्ट (धार घासायची खरखरीत पेस्ट) लावून रील उलटं फिरवून भागतं, पण तो तात्पुरता इलाज. खरी धार ग्राइंडरवरच. मधे एका बाहेरच्या वर्कशॉपकडे रीलं पाठवली होती, त्यांनी चकचकीत करून दिली, बिलही चकचकीत, आणि पेपर लावला तर एक टोक मोठं एक लहान. ग्रीनवर पट्टे दिसायला लागले आणि ओरडा कोणाला, तर माळ्यांना. त्यानंतर कमिटीच्या मागे लागून स्पिन ग्राइंडर आणि बेडनाईफ ग्राइंडर आणायला लावले. स्पिन ग्राइंडरवर रील फ्रेममधून न काढता फिरतं ठेवून घासता येतं, त्यामुळे गोलाई नीट राहते आणि माझा वेळही वाचतो. ग्राइंडर महाग आहे हो, पण धार नसलेलं मशीन गवत कापत नाही, ओढतं, शेंडे फाटून पांढरे पडतात आणि फाटलेल्या शेंड्यातून रोग शिरायला वाव मिळतो.

उंची मोजायला डायल गेजची पट्टी घ्याच, डोळ्याने अंदाज नको. दोन मशीनमधे पाव मिलीमीटरचा फरक असला तरी ग्रीनवर दिसतो. आणि एका ग्रीनला एकच मशीन लावा, पट्ट्यांची निम्मी कटकट तिथेच संपते.

त्रासाचं एवढंच की आमच्या लाल मातीत पावसाळ्यात पुढचा खाचांचा रोलर चिखलाने बुजतो, मग उंची आपोआप वाढते आणि लोकांना वाटतं मेकॅनिकने सेटिंग बिघडवलं. चिखल खरवडायला ऑपरेटरच्या खिशात पत्र्याची पट्टी ठेवायला सांगा. स्पेअरचं म्हणाल तर बेडनाईफ, बेअरिंग, सील शेडमध्ये आधीच आणून ठेवायचे, सीझनच्या मधोमध मागवलं तर बसा वाट बघत.

सेकंड हँड बघत असाल तर रंगावर जाऊ नका. इंजिन बंद करून, स्पार्क प्लगची वायर काढून, रील हाताने हलवून बेअरिंगचा खेळ बघा, ड्रमवर (मशीन ज्यावर चालतं त्या रोलरवर) कुठे पोचा आहे का बघा, आणि रीलचा व्यास नव्याच्या मापाशी ताडून बघा, कारण ग्राइंड करून करून ते बारीक होतं आणि संपत आलेलं रील विकणारा सांगत नाही.