रेटिनावर औषधाची सुरक्षितता तपासताना: ईआरजी की हिस्टोलॉजी?

काचबिंदूत मरणाऱ्या गँगलियन पेशींना (रेटिनातून मेंदूकडे दृष्टीचे संदेश नेणाऱ्या पेशी) वाचवू शकेल असं औषध डोळ्यात टोचून द्यायचंय. आधी ते रेटिनालाच अपाय करत नाही ना, हे प्रबंधासाठी प्राण्यांवर तपासायचंय. पैसा आणि वेळ बेताचा. मग भर कशावर द्यावा: ईआरजीवर (प्रकाश दाखवून रेटिनाचा विद्युत प्रतिसाद नोंदवणं) की हिस्टोलॉजीवर (रेटिनाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं)?

ईआरजीत प्राणी जिवंत राहतो. औषध देण्याआधी, आठवड्यानं, महिन्यानं तोच डोळा पुन्हा तपासता येतो. त्यामुळे प्राणी कमी लागतात आणि नैतिक समितीपुढे बाजू मांडणं सोपं जातं. आलेखातली ए-लहर (पहिला खळगा) मुख्यतः प्रकाशग्राही पेशींची, बी-लहर (त्यानंतरचा उंचवटा) ऑन-बायपोलर पेशींची (प्रकाशग्राही पेशींकडून संदेश पुढे नेणाऱ्या), म्हणून बिघाड कोणत्या थरात आहे याचा अंदाज येतो. यंत्र मात्र लहरी आहे. भुलीचं औषध, शरीराचं तापमान, अंधारात ठेवलेला वेळ, यांतलं काहीही बदललं की आलेख बदलतो.

खरी गोम पुढेच आहे. ज्या गँगलियन पेशींसाठी हा सगळा खटाटोप, त्यांचा ठसा साध्या फ्लॅश ईआरजीच्या ए आणि बी लहरींवर जवळजवळ नसतोच. बी-लहर सुरेख आली म्हणून 'औषध सुरक्षित' असं लिहून मोकळं होऊ नये. त्यासाठी पॅटर्न ईआरजी (बदलत्या चौकटी किंवा पट्टे दाखवून घेतलेला) किंवा फोटोपिक निगेटिव्ह रिस्पॉन्स (उजेडातल्या ईआरजीत बी-लहरीनंतर येणारा खळगा) नोंदवावा लागतो.

हिस्टोलॉजीत गँगलियन पेशी थेट मोजता येतात. ट्यूनेलनं (तुटलेला डीएनए रंगवण्याची पद्धत) मरणाऱ्या पेशी दिसतात, म्यूलर पेशींतलं (रेटिनाच्या आधारपेशी) वाढलेलं जीएफएपी हे प्रथिन रेटिनावरचा ताण सांगतं. पण एका डोळ्यातून एकाच वेळेचं चित्र मिळतं. काप तिरका गेला तर थर उगाच जाड दिसतो. शिवाय पेशी जागेवर आहे म्हणजे ती काम करतेच असं नाही.

कार्य तपासणं का महत्त्वाचं, याचं उदाहरण अपस्माराच्या व्हिगाबॅट्रिनचं. औषध मेंदूसाठी, पण 1997 मध्ये रुग्णांची दृष्टिकक्षा आक्रसल्याच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. 2009 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली ती कायमच्या दृष्टिहानीच्या ठळक इशाऱ्यासह. दृष्टिकक्षेची चाचणी देऊ न शकणाऱ्या बाळांमध्ये ईआरजीचाच आधार घेतला जातो.

ओसीटी (प्रकाशानं रेटिनाच्या थरांचं चित्र काढणारी तपासणी) असेल तर जरूर वापरा, थरांची जाडी पुन्हापुन्हा मोजता येते. पण एकट्या तिच्यावर निष्कर्ष काढू नका.

माझं मत: आधी ईआरजी, आणि शेवटी त्याच डोळ्यांचे काप. एकच परवडत असेल आणि गँगलियन पेशींचा प्रतिसाद नोंदवायची सोय नसेल, तर मी हिस्टोलॉजी निवडेन.

प्राणी निवडताना ससा हाताळायला सोपा, व्हिट्रियस (डोळ्यातला जेलीसारखा द्रव, ज्यात औषध टोचतात) सुमारे दीड मिलिलिटर. माणसाचं सुमारे चार, तेव्हा मात्रेचा हिशेब त्यानुसार करा. सशाच्या रेटिनात रक्तवाहिन्या फक्त एका पट्ट्यात असतात, त्यामुळे रक्तवाहिन्यांवरचा दुष्परिणाम निसटू शकतो. तिथे उंदीर बरा. आणि तुलनेच्या डोळ्यात नुसतं सलाइन नको, औषध ज्यात विरघळवलंय तेच द्रावण टोचा. डीएमएसओसारखं औषध विरघळवणारं द्रावक स्वतःही रेटिनाला बाधू शकतं.